पवईचं पाणी आणि काळी बाटली

पवई तलाव मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधला होता, असं आज सांगितलं तर तलावाकाठची माणसंही हसतात. जलपर्णी, मगरी आणि विसर्जनाचा गणेश घाट, एवढीच त्याची ओळख उरली आहे. पण 1889 मध्ये शहराला धास्ती पडली होती. विहार तलाव 1860 पासून आणि तुळशी 1879 पासून पाणी देत होते, तरी ते पुरेना, आणि तानसाचं काम अजून संपायचं होतं. मग घाईघाईने मिठीची एक उपनदी अडवली. रोज वीस लाख गॅलन मिळतील असा हिशेब होता. तलाव भरला, पण पाणी पिण्यालायक नाही असं ठरलं. 1892 मध्ये तानसा आलं आणि पवईचं पाणी कारखान्यांना नि बागांना गेलं.

त्याआधी पवईची जमीन कंपनी सरकारने फ्रामजी कावसजींना दिली होती. शहरातल्या धोबीतलावाची डागडुजी 1831 मध्ये स्वतःच्या खर्चाने करवली ती त्यांनीच. पवईच्या मालकाने शहराला पाणी पाजावं आणि पवईच्या तलावाने मात्र नाही, याची मला गंमत वाटते.

मला यात रस असण्याचं कारण धंद्याचं आहे. मी उपनगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनाही, माझ्याकडे होती. गांधी शताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास काम. मुंबई विद्यापीठात त्याचे दहा गुण मिळायचे, म्हणून स्टाफरूममध्ये कुणीतरी टोमणा मारायचंच, 'मार्कांसाठी येतात हो पोरं.' येईनात का! दहा गुणांसाठी आलेला मुलगा गटारात वाकून नळजोडणी बघत असेल तर मला चालतं.

सुरुवातीला आम्हीही सगळ्यांसारखंच केलं. 'पाणी उकळून, गाळून प्या' असे फलक, प्रभातफेरी, डफ घेऊन पथनाट्य. तलावापासून जवळच्या एका वस्तीत नाटक संपल्यावर एक बाई माझ्या विद्यार्थिनीला म्हणाली, "पोरी, सहा माणसांचं पाणी रोज उकळायचं तर सिलिंडर किती दिवस पुरेल, तेवढं सांग." पोरगी गप्प झाली. उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

त्या बाईला अडाणी समजण्यात अर्थ नव्हता. पाण्याबद्दलचं अज्ञान नेहमी वस्तीच्याच माथी मारलं जातं. पवईचं धरण काही वस्तीने बांधलं नव्हतं.

मग आम्ही पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत मांजा नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये ही साधी चाचणी शोधली. बाटलीत औषध सुकवलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि झाकण लावून ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्यातले जिवाणू असले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. ही शेवटची तपासणी नव्हे, संशय आला की नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. पण बाटली घरातच फळीवर राहते आणि तिच्यावर नजर घरचीच असते. काळी झालेली बाटली जे करते ते आमच्या डफाला जमलं नव्हतं. (ती बाटली टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्यात बुडवूनच टाकायची, हे मुलांना दहादा बजावावं लागे.)

शिवाय क्लोरीन तपासायचे ओटीचे (ऑर्थोटोल्युडिनचे) थेंब होतेच. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, झालं नाही तर नाही. एकाच गल्लीत चार नळांचं पाणी पिवळं आणि पाचव्याचं नितळ, असं निघालं की मुलं पाचव्याच्या पाइपामागे लागत. पाइप गटारातून गेलेला असे. पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. बायका पहिली बादली ओतून देत, ती काही उगाच नाही. कारण ठाऊक नसलं तरी रीत बरोबर होती. आम्ही फक्त कारण सांगितलं, आणि पिण्याच्या हंड्यापुरते मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या औषधाचे, थेंब दिले. सिलिंडरचा प्रश्न त्याने बराच सुटला.

तलावाकाठच्या आयआयटीत 'सितारा' नावाचं केंद्र आहे. तिथले मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी कर्जतच्या गावांत जाऊन नळयोजना का बंद पडतात ते मोजत होते. तलावाकाठच्या सायकल ट्रॅकविरुद्ध न्यायालयात गेले तेही आयआयटीचे संशोधक विद्यार्थीच, आणि मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवलं. आमचं काम त्यामानाने फारच किरकोळ.

अडचण एकच, विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातात. म्हणून वही ठेवली: गल्ली, नळ, पाणी येण्याची वेळ, बाटली भरल्याची तारीख, काळी झाली ती वेळ. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी भाषण न देता मी ती वही वाचायला द्यायचे. पावसाळ्यात कुठले नळ बिघडतात हे मुलांना वस्तीत पाऊल टाकण्याआधीच कळे, आणि पालिकेच्या कार्यालयात जाताना हातात मागच्या वर्षीची पानं असत. पुढे जूनच्या तोंडावर बायकाच विचारू लागल्या, "बाटल्या कधी आणताय यंदा? आमच्या नळाला आधी लावा."