रुग्णसंवाद (खारघर)

डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, समाजसेवक हे एका बाजूला आणि रुग्ण व त्याच्या घरची माणसे दुसऱ्या बाजूला. यांच्यात आजार, तपासण्या, उपचार, खर्च आणि पुढची आशा यांविषयी जे बोलणे होते त्याला रुग्णसंवाद म्हणतात. बोलीत यासाठी वेगळा शब्द नाही. ‘डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं’ किंवा ‘कुणी काही सांगितलंच नाही’, एवढ्यातच लोक सगळे सांगून जातात. ही नोंद खारघरच्या संदर्भात लिहिली आहे. महाराष्ट्रात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामधले अंतर जितक्या प्रकारचे असू शकते, म्हणजे भाषेचे, प्रवासाचे, पैशाचे आणि भीतीचे, ते सगळे या एका उपनगरात एकत्र आलेले दिसते.

खारघर हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातले, सिडकोने वसवलेले नगर. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश होतो. येथील सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार, संशोधन आणि शिक्षणाचे प्रगत केंद्र आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात. रिक्षावाले आणि रुग्ण म्हणतात ‘खारघरचं टाटा’. त्याचे मूळ परळमध्ये आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये उभे राहिलेले कर्करोग संशोधन केंद्र १९६६ मध्ये या रुग्णालयाशी जोडले गेले आणि त्यातून टाटा मेमोरियल सेंटर तयार झाले. संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून खारघरच्या सुमारे ६० एकर जागेत आली. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विभाग २००७ मध्ये इकडे हलला. प्रोटॉन किरणांनी उपचार करणारी सुविधा आणि स्त्रिया व मुलांसाठीच्या कर्करोग रुग्णालयाची इमारत यांचे राष्ट्रार्पण ११ मे २०२३ रोजी झाले.

पहिली गैरसमजूत या स्थलांतरातूनच जन्मते. गावाकडून निघालेल्या माणसाच्या मनात ‘टाटा’ म्हणजे परळ. तिथल्या ओपीडीत ‘तुम्ही खारघरला जा’ असे ऐकले की त्याला वाटते, आपल्याला टोलवले, आता आशा नाही, किंवा गर्दी कमी करायला पाठवले. आपल्या आजाराचा उपचार तिथे आहे म्हणून पाठवले आहे, हे एक वाक्य त्या वेळी बोलले गेले तर हार्बर लाइनचा तो प्रवास वेगळा होतो. बोलले गेले नाही तर माणूस फाइल छातीशी धरून, रडवेल्या चेहऱ्याने, खारघर स्टेशनवर उतरतो.

शब्दांचा घोटाळा. रुग्णालयातला शब्द आणि घरातला शब्द एकच असला तरी त्यांचे अर्थ एक असतीलच असे नाही. याचे सगळ्यांत बोलके उदाहरण म्हणजे ‘उपाशीपोटी या’. पेट स्कॅनच्या आधी काही तास पोट रिकामे लागते, कारण ही तपासणी शरीर साखर कुठे आणि किती वापरते ते पाहते. मराठी घरात मात्र चहा हे ‘खाणे’ नव्हे. ‘काही खाल्लं नाही हो, नुसता चहा घेतला,’ असे बाई अगदी खरेपणाने सांगते, आणि त्या कपात दोन चमचे साखर असते. दुसरा घोटाळा याहून खोल आहे. ‘उपाशी’ आणि ‘उपास’ हे शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे वाटतात. उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, भगर चालते, दाणे-गूळ, केळे, दूध चालते. चतुर्थी धरणाऱ्या आजीने ‘उपाशी यायचंय’ हा निरोप नातवाकडून ऐकला आणि ती खिचडी खाऊन आली, तर तिने कोणताही नियम मोडलेला नाही. तिच्या नियमाप्रमाणे ती उपाशीच आहे. तपासणी रद्द होते, पुढची तारीख मिळते, एक दिवस, गाडीभाडे आणि मुलाची रजा वाया जाते. ‘रात्री जेवल्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही, चहा नाही, दूध नाही, उपासाचं नाही,’ असे सांगायला दहा सेकंद लागतात. मधुमेह असणाऱ्याला गोळीचे आणि इन्सुलिनचे वेगळे सांगावे लागते, ते निराळेच.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला की घरच्यांना हायसे वाटते आणि ‘निगेटिव्ह’ म्हटले की धस्स होते. किरणोपचाराला कुणी ‘लाइट’ म्हणतो, कुणी ‘शेक’; मग शेकाने भाजते का, अंगावर लाइट पडल्यावर घरात लहान मूल जवळ घेता येते का, असे प्रश्न मनात फिरत राहतात आणि विचारले जात नाहीत. बाहेरच्या यंत्रातून किरण घेतलेल्या माणसाजवळ मूल बसले तर काही होत नाही, हे न विचारताच सांगायला हवे. ‘तुकडा काढला की पसरतो’ हा समज बायॉप्सीविषयी इतका घट्ट आहे की कित्येक जण त्या भीतीने महिनेच्या महिने काढतात. ‘स्टेज’ हा शब्द ऐकला की ‘शेवटची’ हे विशेषण मनात आपोआप जोडले जाते.

यावरचा उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. ‘समजलं ना?’ असे विचारू नये. त्याला उत्तर एकच येते, ‘हो’. मोठ्या माणसासमोर नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. त्याऐवजी ‘मी बरोबर सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?’ असे विचारावे. मग चूक रुग्णाची राहत नाही, सांगणाऱ्याची होते, आणि राहिलेली भोके तिथेच दिसतात. अनुभवी परिचारिका हे कुठलेही शिक्षण न घेता करतात.

वेळ. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-रुग्णांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या सल्लामसलतींची वेळ एकत्र मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये एका रुग्णाला साडेबावीस मिनिटे मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत कर्करोग समजावून सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांना दोष देऊन थांबणे बरोबर नाही. ओपीडीबाहेरची रांग त्यांनी लावलेली नसते. प्रश्न असा आहे की डॉक्टरांच्या दोन मिनिटांनंतर पुढचा अर्धा तास कोण बसणार?

टाटा मेमोरियल सेंटरने यावर दिलेले उत्तर ‘केवट’ या नावाने ओळखले जाते. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासोबत २०१९ मध्ये सुरू झालेला हा रुग्ण-मार्गदर्शकांचा प्रशिक्षणक्रम आहे. रामायणात रामाला गंगेपार नेणारा नावाडी तो केवट. तेच नाव या मार्गदर्शकांना दिले. नोंदणीपासून तपासण्या, उपचार आणि नंतरच्या फेऱ्यांपर्यंत रुग्णाला वाट दाखवणे, कोणती खिडकी, कोणता कागद, कोणत्या योजनेत पैसे मिळतील हे सांगणे आणि डॉक्टरांचे बोलणे त्याच्या भाषेत उतरवणे हे त्यांचे काम. इथे बंगाली, भोजपुरी, आसामी, ओडिया बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. आगरी बोलणारी शेजारच्या गावातली बाईही त्याच रांगेत असते, आणि पुस्तकी मराठी तिलाही परकीच असते.

सरकारी योजनेतही अशा मधल्या माणसाची जागा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात. कागदपत्रांच्या कामात त्यांचा दिवस जातो, तरी रुग्णाला धीराचा पहिला शब्द अनेकदा त्यांच्याच टेबलापाशी मिळतो. खारघरमध्येच मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करणारे श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे बिलाची चिंता नसली तरी आई-बापांना समजावण्याचे काम तेवढेच उरते, कारण छोट्याशा छातीवर टाके पाहणाऱ्या आईचा प्रश्न पैशाचा नसतो.

‘पेशंटला सांगू नका’. मराठी घरांत हे वाक्य जवळजवळ ठरलेले आहे. मुलगा आत येतो, दार लोटतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर म्हणू नका, गाठ आहे म्हणा. ती खचेल.’ हे तो प्रेमापोटी म्हणतो आणि ते तसेच ऐकून घ्यायला हवे. पण आई कर्करोगाचे नाव असलेल्या फाटकातून आत आलेली असते. रांगेत टक्कल पडलेल्या मुली आणि नाकात नळी घातलेली माणसे तिने पाहिलेली असतात. तिला कळलेले असते. आणि आपल्याला कळले आहे हे मुलाला कळू नये म्हणून ती गप्प असते. दोघे एकमेकांना सांभाळत एकाच घरात एकेकटे होतात. मला हे रुग्णसंवादातले सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे ठिकाण वाटते.

बेली, बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. शांत जागा बघणे, रुग्णाला आधीच काय माहीत आहे ते विचारणे, किती ऐकायचे आहे ते त्यालाच ठरवू देणे, मग थोडे थोडे सांगणे, त्याच्या रडण्याला जागा देणे आणि पुढे काय करायचे ते मिळून ठरवणे. या सहांपैकी आपल्याकडे दुसरी आणि तिसरी पायरी सोन्याच्या मोलाची आहे. ‘काकू, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?’ एवढे विचारून दोन मिनिटे गप्प बसले, तर बहुतेक वेळा काकूच तो शब्द उच्चारतात. मुलाला दिलेला शब्दही मोडत नाही. आणि ‘मला नका सांगू, माझ्या मुलाशी बोला’ असे त्या म्हणाल्या, तर तोही त्यांचा निर्णय, तोही पाळायचा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सज्ञान आणि शुद्धीवर येणाऱ्या रुग्णाऐवजी तिच्या आईची संमती चालत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. संमतीच्या कागदावरची सही ही बोलणे झाल्याची खूण आहे. अंगठा घेताना आधी काय बोलले गेले, यावर तिची किंमत ठरते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा हक्क पहिल्या ओळींत आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे.

शिक्षण. भारतातल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग २०१९ च्या प्रवेशापासून आला. महाराष्ट्रात मात्र त्याआधीचे धडे आहेत. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ नंतर हेमलकशात राहून तिथली माडिया भाषा शिकले, कारण त्याशिवाय दवाखाना चालणेच शक्य नव्हते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दुखत होते, पण विचारणारे कुणी नव्हते. खारघरच्या रांगेत उभ्या असलेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या कित्येक बायकांची कथा तीच आहे: अंगावरून जाण्याबद्दल त्या घरात बोलल्या नाहीत आणि पुरुष डॉक्टरांसमोरही बोलल्या नाहीत.

बोलणे तुटण्याचे टोक म्हणजे हाणामारी. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. हल्ल्याला कसलेच समर्थन नाही. तरी अतिदक्षता विभागाबाहेर सहा-सात तास बसलेल्या कुटुंबाला दर दोन तासांनी कुणी बाहेर येऊन ‘अजून तसंच आहे, आम्ही हे हे करतोय’ असे सांगितले तर ती रात्र वेगळी जाते, हे त्या बाकांवर बसलेला प्रत्येक जण सांगेल.

घरी परतल्यावर. संवादाची खरी परीक्षा खारघरमध्ये होत नाही. केमो घेऊन माणूस महाडला, जालन्याला, पाटण्याला जातो. दहा-बारा दिवसांनी रात्री ताप येतो. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आलेला ताप ही आणीबाणी असते; काही तासांत शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागते. घरचे म्हणतात, ‘क्रोसिन देऊ, सकाळी बघू.’ गावातल्या डॉक्टरांच्या हातात इंग्रजीतला चार पानी डिस्चार्ज असतो, मध्यरात्री तो वाचायचा कुणी? म्हणून पाकिटात मावेल असे एक कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि त्याच्या भाषेत: ‘माझी केमो चालू आहे. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, थंडी वाजत असेल तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रक्त तपासा, शिरेतून प्रतिजैविक सुरू करा आणि या नंबरवर फोन करा.’ घरात थर्मामीटर आहे का, तो कुणाला वाचता येतो आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे तिन्ही प्रश्न डिस्चार्जच्या दिवशी विचारले जावेत. थर्मामीटर वाचता येणारा बहुतेक घरांत नातू किंवा नात असते. त्याला समोर बसवून, पाण्याचा पेला देऊन, एकदा वाचून घ्यावे.