सुट्ट्यांच्या यादीत नसलेली पौर्णिमा

व्यापारानिमित्त व्हिएतनामला जाणारा प्रवासी प्रथम दोन गोष्टींची चौकशी करतो : कचेऱ्या किती वाजता उघडतात आणि कोणत्या दिवशी बंद असतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे देणार आहोत. परंतु आमचे खरे लक्ष आहे ते त्या यादीत न आढळणाऱ्या एका दिवसाकडे.

त्या देशाची २०१९ ची श्रमसंहिता १ जानेवारी २०२१ पासून अमलात आली. तिच्यानुसार कामाची मर्यादा दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आहे. सरकारी कचेऱ्यांत मात्र १९९९ पासून पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा रूढ आहे. काम सकाळी साडेसात-आठला सुरू होते आणि दुपारी जेवण व विश्रांतीसाठी दीर्घ खंड पडतो. त्या वेळी कोणाच्या भेटीस जाऊ नये.

या संहितेने पगारी सुट्ट्या अकरा दिल्या आहेत. १ जानेवारीचा एक दिवस, चांद्र नववर्षाचे म्हणजे 'तेत'चे पाच, हुंग राजांच्या स्मृतीचा एक (चांद्र तिसऱ्या महिन्यातील दशमी), ३० एप्रिल व १ मे यांचा एकेक आणि १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेचे २ सप्टेंबरच्या सुमारास दोन. तेथे नोकरी करणाऱ्या परदेशीयास स्वतःच्या देशाच्या पारंपरिक नववर्षासाठी व राष्ट्रीय दिनासाठीही एकेक दिवस मिळतो. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य या काळात येणाऱ्या 'तेत'च्या आगेमागे व्यवहार ठरवू नयेत, हे उत्तम.

या अकरा दिवसांत वैशाख पौर्णिमा नाही. ज्या देशाच्या गावोगावी बुद्धमंदिरे आहेत, ज्याच्या भाषेतील 'बुत्' हा जुना शब्द 'बुद्ध' या शब्दापासूनच आला, त्या देशाची ही यादी आहे. आणि याच पौर्णिमेसाठी तेथे एकदा रक्त सांडले होते.

१९६३ साली दक्षिण व्हिएतनामात न्गो दिन्ह दिएम यांची राजवट होती. बौद्धांच्या संस्थांना १९५० च्या एका हुकूमान्वये केवळ मंडळांचा दर्जा होता. कॅथलिक चर्च त्या हुकुमातून वगळलेले होते. मे महिन्याच्या आरंभी ह्वे नगरात एका कॅथलिक समारंभासाठी पोपचे ध्वज फडकले. त्यानंतर काही दिवसांतच, वैशाख पौर्णिमेस बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली. ८ मे रोजी, ऐन पौर्णिमेच्या रात्री, आकाशवाणी केंद्रापुढे जमलेल्या समुदायापैकी आठ जण मृत्युमुखी पडले. ११ जून रोजी वृद्ध भिक्खू थिक क्वांग डुक यांनी सायगावच्या भर चौकात आत्मदहन केले. १६ जूनला सरकारने बौद्ध नेत्यांशी करार केला. तरी २१ ऑगस्टला क्सा लोय विहारावर सशस्त्र धाड पडली. 'क्सा लोय' म्हणजे शरीरधातू. नोव्हेंबरच्या आरंभी लष्कराने उठाव केला आणि दिएम मारले गेले.

भिक्खूंच्या मागण्यांत सुट्टी नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ध्वजाची मोकळीक, कॅथलिकांच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा, अटकसत्राचा अंत, धर्माचरणाचे स्वातंत्र्य आणि मृतांच्या कुटुंबीयांस न्याय, एवढेच त्यांनी मागितले होते.

आज संयुक्त व्हिएतनामचे शासन वैशाख पौर्णिमेचा उघड सन्मान करते. संयुक्त राष्ट्रांच्या वैशाखदिनाचा सोहळा तेथे २००८, २०१४, २०१९ व २०२५ असा चार वेळा भरला. २०२५ मध्ये सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील पवित्र धातू दर्शनासाठी भारतातून तेथे नेण्यात आले. परंतु कामगारास त्या दिवशी कायद्याने पगारी विश्रांती नाही.

तरीही चांद्रमासाच्या प्रतिपदेस व पौर्णिमेस तेथील असंख्य उपासक शाकाहार पाळतात, आणि कामावर जाण्यापूर्वी वा सुटल्यावर मंदिरात धूप लावतात. आपल्या उपोसथाशी या रीतीचे नाते उघड आहे. आमच्या देशात बुद्धपौर्णिमेस राजपत्रित सुट्टी आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो. मात्र त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही काय करतो, हा प्रश्न व्हिएतनामच्या उपासकाने न विचारताच आम्हांस विचारला आहे.