यवनाचा दाम

ढोकीच्या शेजारचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये नोंदवलं आहे, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथलं साधं कापड, मलमल गाड्यांतून भडोचला उतरते. तगरचं तेर झालं ते नगरचं नेर झालं तसंच. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. पारनेर, अंमळनेर, जामनेर ही त्याचीच घराणी.

ज्या रोमन जगात हा माल खपे, तिथली माणसं भिंती मोकळ्या ठेवत नसत. स्मर्ना, म्हणजे आजचं इझ्मिर. तिथल्या रोमनकालीन बाजारचौकाच्या तळघरात गिलाव्यावर ग्रीक लिखाणाची दाटी आहे. ग्रीक अक्षरांना अंकमूल्य असे, म्हणून प्रेयसीचं नाव लपवून त्याची बेरीज तेवढी लिहीत. पाँपेईतल्या एकाने लिहून ठेवलंय, की माझं प्रेम जिच्यावर आहे तिचा आकडा 545. लिहिण्यासाठीचं ग्रीक क्रियापद ‘ग्राफीन’ मुळात ओरखडण्याचं. आपलं ‘लिहिणं’ ज्या ‘लिख्’ धातूतून आलं, त्याचाही पहिला अर्थ ओरखडणं हाच.

त्याच पाँपेईत 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या तळाशी खरोष्ठीतलं एक अक्षर कोरलेलं आहे, बहुधा कारागिराची खूण. तिच्याच जातकुळीची हस्तिदंती मूर्ती तेरच्या मातीतही निघाली. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी असा ठेवा जन्मभर जमवला नसता, तर तगर आपल्याला पुस्तकातच भेटलं असतं.

इकडच्या यवनांनी मात्र इथलीच अक्षरं घेतली. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर ब्राह्मीत ‘यवनस’ आणि ‘थंभो’ हे शब्द आहेत: यवनाचा खांब. आपलं ‘थांबणं’ या ‘थंभो’च्याच कुळातलं. ‘यवन’ हे इराण्यांच्या ‘यौन’चं भावंड, आयोनियाच्या ग्रीकांवरून आलेलं. पण कार्ल्यातल्या या दात्यांची नावं इथल्या वळणाची आहेत. ते सगळे ग्रीसहून आले असं मी मानत नाही. मराठीत पुढे हाच शब्द मुसलमानांना लावला गेला आणि मूळ माणूस त्यातून नाहीसा झाला.

ग्रीक अक्षरं दिसतात ती नाण्यांवर. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. त्यांवर राजाच्या मुखवट्याभोवती मोडकी ग्रीक लिपी फिरते. ती वाचणारे इथे फार नसावेत, पण ‘द्राख्मे’ हा शब्द लोकांनी पक्का धरला. त्याचा ‘द्रम्म’ झाला. स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवणाऱ्या शिलाहारांच्या लेखांत दानाच्या रकमा द्रम्मांत येतात. द्रम्माचा पुढे दाम झाला, दामाची दमडी.

आणि ‘दामदुप्पट’. हा मूळचा कर्जदाराच्या बाजूचा नियम: एकावेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबईच्या इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. आज तोच शब्द ठेवी दुप्पट करून देण्याच्या जाहिरातीत येतो. सावकाराचा हात धरणारा शब्द गरिबाची शिल्लक ओढायला वापरावा, याचं मला वाईट वाटतं.