शांतता समितीची बैठक कोण बोलावतं?

गणपती किंवा ईद जवळ आली की आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. पहिल्या रांगेत दरवर्षीचेच चेहरे असतात. मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजेचा आवाज ठरतो, चहा होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. परभणीत वाढताना मला ही बैठक सणाचाच एक विधी वाटायची. पुढे सुरक्षा धोरण हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला. दिल्लीत एका चर्चासत्रात एक परदेशी अभ्यासक ‘स्थानिक शांतता समित्यां’वर तासभर बोलले, तेव्हा मला आमच्याकडचा तो चहा आठवला.

‘शांतता उभारणी’ हा शब्द योहान गाल्टुंग यांनी सत्तरच्या दशकात मांडला. जून १९९२मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस घाली यांनी ‘शांततेसाठी कार्यक्रमपत्रिका’ सादर केली आणि तो जगभरच्या कचेऱ्यांत रुळला. युद्ध थांबवणं वेगळं आणि ते पुन्हा पेटू नये अशी व्यवस्था उभी करणं वेगळं, असा त्याचा साधा अर्थ. त्याच्या पाठोपाठ ‘स्थानिक क्षमता बांधणी’ आली. बऱ्याच ठिकाणी या बांधणीचा अर्थ स्थानिकांना प्रकल्पाची भाषा शिकवणं एवढाच उरला, असं माझं मत आहे. अपवाद आहेत. दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर १९९१च्या राष्ट्रीय शांतता करारातून गावोगावी समित्या झाल्या. त्यांत पक्ष, चर्च, कामगार संघटना, उद्योजक आणि पोलीस एकत्र बसत. हिंसा थांबली नाही. पण पोलिसांनाही प्रश्न विचारता येतील अशी जागा तयार झाली.

हे वाचत असताना लक्षात आलं, की असा एक प्रयोग आपल्या अंगणात त्याआधी कितीतरी वर्षं होऊन गेला होता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली आणि रझाकारांच्या जुलमातून मराठवाडा सुटला. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, ते योग्यच आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक जिल्ह्यांतल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते मात्र आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिकडे धाडलं. ‘आमची चौकशी समिती नाही, बिघडलेले संबंध सुधारण्यासाठी आलेलं हे सदिच्छा मंडळ आहे,’ अशी भूमिका त्यांनी अहवालात स्पष्ट केली. तीन आठवडे ते फिरले, सभा घेतल्या, लोकांचं ऐकून घेतलं. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आमच्या शेजारचं नांदेड अशी नावं दिली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. या आकड्यावर वाद आहेत. अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरातच राहिला.

मला त्या आकड्यापेक्षा अहवालातल्या एका छोट्या निरीक्षणाने धरून ठेवलं. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं, आणि त्यांत विणकर विशेष दिसले. हिंदू विणकर आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंच्या पाठीशी उभे राहिले. मंडळ यायच्या आधीच जे काम झालं होतं, ते असं मागांपाशी झालं होतं. मंडळ परत गेलं. मागे कुठलीही रचना उरली नाही.

विणकरांचा धागा पुढे भिवंडीत सापडतो. यंत्रमागांच्या या गावात मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून भीषण दंगल झाली आणि तिची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८४मध्ये गाव पुन्हा पेटलं. १९८८मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असत आणि बैठका सणापुरत्या नसत. नळ, गटार, भाडेकरू, रस्त्यावरची भांडणं असले किरकोळ विषय तिथे निघत आणि तेच या समित्यांचं खरं बळ होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली आहे. दोन समाज संस्थांमधून रोजच्या रोज एकत्र येत असतील तर अफवेला वाव कमी मिळतो, असं त्यांचं म्हणणं.

इथवर सगळं सुखाचं वाटतं. पण मी मराठवाड्याची आहे आणि मला १९७८ आठवावं लागतं. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. हल्ला करणारे परके नव्हते. ज्यांच्या शेतात राबायचं, ज्यांच्याकडून उचल घ्यायची, तीच माणसं होती. रोजची गाठभेट होती, पण ती बरोबरीची नव्हती. विणकर विणकराला वाचवतो, कारण दोघे एकाच मागावर बसतात. मालक आणि सालगडी यांचं तसं नसतं. ‘स्थानिक’ म्हटलं की सगळे आले असं मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय पुस्तकांत हा फरक मला क्वचितच भेटला.

म्हणूनच १५ ऑगस्ट २००७ला गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेकडे मी दोन मनांनी पाहते. ग्रामसभेने समिती निवडायची, दिवाणी, महसुली आणि किरकोळ फौजदारी भांडणं गावातच मिटवायची, आणि गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस. कल्पना मोठी होती. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेली घरं आमच्या जिल्ह्यात काही थोडीथोडकी नाहीत. पण गुण मिळवायचे म्हणून दुबळ्याला ‘सोडून दे’ म्हणणं सोपं असतं. बांधाचं भांडण हा तंटा. वस्तीवरचा हल्ला हा तंटा नव्हे, तो अन्याय. त्यासाठी १९८९चा कायदा आहे आणि तो गुन्हा समितीपुढे मिटवायचा नसतो.

१० डिसेंबर २०२४ला परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, आणि अटकेतल्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या आठवड्यात मी फोनवर सगळ्यांना एकच विचारत होते : शांतता समिती काय करते आहे? प्रश्नच चुकीचा होता. लोकांची तक्रार पोलिसांबद्दल होती आणि समितीची बैठक पोलीसच बोलावतात.

गेल्या हिवाळ्यात पाथरी तालुक्यातल्या एका गावी गेले होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तंटामुक्तीच्या बक्षिसाचा फिकट फलक होता. शिपायाने कपाटातून नोंदवही काढून दिली. सुरुवातीची पानं गच्च भरलेली : बांध, विहिरीच्या पाण्याची पाळी, सामाईक भिंत, मधली वाट. पुढे कोरी. सह्या मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. वस्तीतली दोन-तीनच नावं होती, तीही साक्षीदारांच्या रकान्यात.

शिपाई दारात उभा होता. “मॅडम, स्कीम पुन्हा चालू व्हायली का?”

नाही म्हटलं. त्याने वही झटकली आणि परत कपाटात ठेवून दिली.