स्वर उतरल्याचे मेंदूला कसे कळते?

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर तंतुवाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची एखादी तार किंचित उतरली तरी जाणकार कानाला ते लगेच खटकते. असे का होते?

तारेची कंपने वाढली की स्वर चढतो. ती दुप्पट झाली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो. आतल्या कानात शंखासारखी वळणदार नळी असते. तिच्यातील पडदा उंच स्वरांना सुरुवातीच्या भागात, तर खालच्या स्वरांना टोकाकडे जास्त हलतो. स्वरांची ही मांडणी कानशिलाजवळच्या श्रवणकेंद्रातही कायम राहते.

एकच स्वर वारंवार कानावर पडला की मेंदू पुढचाही तसाच असेल असे गृहीत धरतो. तो बदलला, तर साधारण पाव सेकंदाच्या आत मेंदूत वेगळा विद्युत संकेत उमटतो. फिनलंडचे शास्त्रज्ञ रिस्टो नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्याचे वर्णन केले. ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असले तरी हा संकेत मिळतो. म्हणूनच जे सांगू शकत नाहीत, अशा तान्ह्या बाळांच्या आणि बेशुद्ध रुग्णांच्या मेंदूपर्यंत आवाजातला बदल पोहोचतो का, हे तपासण्यासाठी त्याचा उपयोग होतो.