घरातल्याच सामानातून स्क्रॅपबुकचे उठावदार पान कसे तयार करावे?

आजीची पंच्याहत्तरी झाली. पंच्याहत्तर दिव्यांनी औक्षण झाले, चुलत-मामे सगळी भावंडे जमली, शे-दोनशे फोटो निघाले. दोन दिवस स्टेटसला झळकले आणि मग फोनच्या गॅलरीत गेले ते गेलेच. फोन बदलला किंवा बिघडला की त्यातले किती हाती लागतील, हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणूनच अनेकांना स्क्रॅपबुक करावेसे वाटते. पण इंटरनेटवरची रंगीत पाने, महागडे कागद आणि स्टिकर बघितले की वाटते, एवढे सामान आणायचे कुठून? खरे सांगायचे तर पान उठून दिसते ते मांडणीमुळे. मांडणीला लागते एक पट्टी, एक पेन्सिल आणि थोडा विचार. बाकीचे बहुतेक सामान तुमच्या कपाटात आणि माळ्यावर आधीच पडलेले असते. या लेखात आजीच्या पंच्याहत्तरीचेच उदाहरण घेऊन एक पान कसे करायचे ते पाहूया.

आधी ठरवा: या पानावर कोणती गोष्ट सांगायची?

सर्वात मोठी चूक इथेच होते. एका पानावर औक्षण, जेवणाची पंगत, ग्रुप फोटो, केक, नातवंडांचा नाच असे सगळेच कोंबले जाते आणि नजर कुठेच थांबत नाही.

एका पानाला एकच गोष्ट द्या. उदाहरणार्थ, 'औक्षण'. मग शंभर फोटोंमधून एक मुख्य फोटो निवडा, जसे दिव्यांच्या उजेडात उजळलेला आजीचा चेहरा. त्याला साथ देणारे दोन-तीन छोटे फोटो घ्या: ताटातले दिवे, ओवाळणारे हात, मागे उभी असलेली मंडळी. पंगतीला वेगळे पान करता येईल.

घरात शोधा: हे सामान सापडेलच

* जुन्या लग्नपत्रिका: जाड, चांगल्या कागदाच्या, बऱ्याचदा सोनेरी किनारीच्या. मागची कोरी बाजू फोटोच्या चौकटीसाठी उत्तम.
* वह्यांना घालायचा खाकी कागद: त्याच्या शांत रंगावर जवळजवळ कोणताही फोटो उठून दिसतो.
* शर्टच्या पॅकिंगमधला पुठ्ठा: पानाला मागून आधार द्यायला.
* भिंतीवरचे कॅलेंडर: त्या दिवसाचा चौकोन कापून घ्या. त्यात दुधाचा हिशोब लिहिलेला असेल तर फारच छान! त्या दिवशी घरात किती जण होते, हे तो हिशोबच सांगेल.
* ब्लाऊज शिवून उरलेली काठाची पट्टी: आधी मागून साधा कागद चिकटवा, वाळू द्या आणि मग कापा. म्हणजे धागे सुटत नाहीत.
* टिकल्यांचे पाकीट: एका रंगाच्या लहान टिकल्या ओळीने लावल्या की सुंदर किनार तयार होते.
* रांगोळीचा ठिपक्यांचा कागद: भोके पाडलेला हा कागद पानावर ठेवून स्केचपेनने ठिपके द्या. तयार नक्षीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.
* वाटी आणि बांगडी: गोल आखण्यासाठी.

यातले सगळे एकाच पानावर वापरायचे नाही. एका पानाला दोन किंवा तीन गोष्टी पुरतात.

मांडणीचे तीन सोपे आराखडे

घरात सहज मिळणारा ए-फोर कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच असतो. स्टुडिओत छापून मिळणारा ४ × ६ इंचांचा फोटो साधारण १० × १५ सेंमी भरतो. कागद उभा धरून डाव्या-उजव्या बाजूला २-२ सेंमी समास सोडला की मधे १७ सेंमी जागा मिळते. आता हे तीन आराखडे पाहा.

१. एक मोठा, तीन लहान: आडवा मुख्य फोटो वर लावा. त्याखाली ५ सेंमीचे तीन चौकोनी फोटो, मधे १-१ सेंमी जागा. बेरीज बरोबर १७ सेंमी होते. खाली जो पट्टा उरतो, तो मजकुरासाठी. औक्षणाच्या पानाला हा आराखडा अगदी योग्य.

२. सहा घरे: ८ सेंमीचे सहा चौकोन, दोन रांगा शेजारी-शेजारी, मधे १ सेंमी अंतर. पाच घरांत फोटो आणि सहाव्या घरात फक्त मजकूर किंवा कॅलेंडरचा चौकोन. फोटो बरेच असतील आणि एकच निवडणे जमत नसेल, तेव्हा हा उपयोगी पडतो.

३. पट्टी आणि फोटो: डावीकडे वरपासून खालपर्यंत ६ सेंमीची पट्टी, त्यात साडीचा काठ किंवा खाकी कागद. १ सेंमी सोडून उजवीकडे उभा फोटो. एकच सुंदर फोटो असेल तर हाच निवडा.

कोणताही आराखडा घ्या, तीन गोष्टी लक्षात ठेवा. फोटोंमधले अंतर सगळीकडे सारखे ठेवा. पान नीटनेटके दिसण्याचे अर्धे श्रेय या एका सवयीला जाते. फोटोतली व्यक्ती ज्या दिशेला बघते आहे ती बाजू पानाच्या आत यायला हवी, नाहीतर आजी पानाबाहेर बघते आहे असे वाटते. आणि पानाचा साधारण पाव भाग मोकळा राहू द्या. मोकळी जागा म्हणजे काम अपुरे राहिले असे नाही. तिथे डोळ्याला विसावा मिळतो.

रंग कुठून घ्यायचे? फोटोतूनच

मुख्य फोटो नीट पाहा. आजीची साडी हिरवी, काठ लाल. मग पानाचे रंगही तेच: हिरवा, लाल आणि पार्श्वभूमीला खाकी किंवा पांढरा. दोन रंग फोटोतले आणि एक शांत रंग, एवढे पुरे. फोटोत आधीच खूप रंग आणि गर्दी असेल तर मागचा कागद साधाच हवा.

फोटो उठून दिसण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. फोटोपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा सेंमी मोठा कागद कापा आणि त्यावर फोटो बसवा. पत्रिकेच्या जाड कागदाची अशी चौकट लावली की साधा फोटोही फ्रेम केल्यासारखा दिसतो.

चिकटवण्याआधी थांबा

सगळे तुकडे पानावर नुसते मांडा आणि फोनने फोटो काढा. तुकडे हलवून दुसरी मांडणी करा, पुन्हा फोटो काढा. फोनवर दोन्ही शेजारी पाहिल्या की कोणती जास्त चांगली ते लगेच कळते. मग पेन्सिलने हलक्या खुणा करा आणि चिकटवायला घ्या.

चिकटवण्याची डोकेदुखी जुनीच आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी तर १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचे पेटंट घेतले होते. पान ओले करायचे आणि कात्रण लावायचे. आपल्याकडे घरात जे आहे, त्यात निवड अशी करा:

* कागदाला कागद लावताना ग्लूस्टिक बरी. पांढरा फेव्हिकॉल फार लावला तर त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात.
* कणकेची किंवा मैद्याची खळ नको. झुरळे आणि कसर तिच्यावर येतात.
* सेलोटेप नको. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग सोडते.
* स्टेपलरच्या पिना नकोत. पावसाळ्यात गंजतात.

फोटो न चिकटवताही बसवता येतो. ४ सेंमी लांब आणि २ सेंमी रुंद कागदाची पट्टी घ्या. वरच्या कडेच्या मध्यापासून दोन्ही टोके खाली दुमडा, म्हणजे त्रिकोणी खिसा तयार होतो. असे चार खिसे फोटोच्या चार कोपऱ्यांत अडकवा आणि फक्त खिसेच पानाला चिकटवा. फोटो हवा तेव्हा काढता येतो.

जुन्या फोटोला हात लावण्यापूर्वी

पंच्याहत्तरीच्या पानावर आजीच्या लग्नातला कृष्णधवल फोटो हवाच असे वाटणे साहजिक आहे. पण मूळ फोटो कधीही कापू नका, चिकटवू नका. त्याची निगेटिव्ह आता बहुधा कुठेच नसते. फोटो जुन्या अल्बमला किंवा काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर निघून येतो.

त्याऐवजी प्रत काढा. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. नसेल तर खिडकीजवळच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद करून फोन फोटोला समांतर धरून टिपा. छापलेली प्रत पानावर लावा, मूळ फोटो पाकिटात जपून ठेवा.

वर्तमानपत्राचे कात्रण आणि मशीनमधून निघालेले एसटीचे तिकीट यांचेही तसेच. वर्तमानपत्राचा कागद उजेडाने पिवळा पडतो, तर तिकिटाच्या थर्मल कागदावरची अक्षरे हळूहळू उडून जातात. दोन्हींची झेरॉक्स लावा. ओला गजरा, अक्षता, हळद-कुंकू मात्र पानावर नकोच. ओल, किडे आणि डाग हमखास येतात.

पोस्ट करण्यापूर्वी एकदा तपासा

पान झाले की ते शेअर करावेसे वाटणारच. मात्र पत्रिकेवर घरचा पत्ता आणि मोबाईल नंबर असतो, रेल्वे तिकिटावर पीएनआर आणि नाव असते, मुलांच्या गणवेशावर शाळेचे नाव असते. फोटो काढताना त्या जागी एखादे पान किंवा फूल ठेवा. मूळ पान तसेच राहते आणि माहितीही बाहेर जात नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापला तर चालेल का?
लहान आकारात चालतो. मोठा छापायचा असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे आकार कमी होत नाही. ४ × ६ इंचांच्या चांगल्या छपाईसाठी साधारण १२०० × १८०० पिक्सेल लागतात.

चित्रकला अजिबात येत नाही, मग?
गरजच नाही. वर दिलेल्या एकाही आराखड्यात चित्र काढावे लागत नाही.

अक्षर चांगले नसेल तर मजकूर टाइप करावा का?
तारीख आणि शीर्षक हवे तर टाइप करा. पण दोन ओळी तरी हाताने लिहा. शक्य असेल तर आजीकडूनच लिहून घ्या.

सर्वात महत्त्वाचे: नावे लिहा

सजावट राहिली तर काही बिघडत नाही, पण नावे राहिली तर बिघडते. प्रत्येक घरात असा एक जुना फोटो असतोच, ज्यात मागच्या रांगेत उभी असलेली बाई कोण, हे आता कोणालाच सांगता येत नाही. ज्यांना ठाऊक होते ती माणसे गेली आणि फोटोमागे कोणी काही लिहिले नव्हते.

म्हणून पानावर तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे लिहा. 'बेबीमावशी' लिहाल तर तिचे पूर्ण नाव आणि नातेही लिहा, कारण पन्नास वर्षांनी पान बघणाऱ्याला ती कोणाची मावशी हे कळणार नाही. एखादा चेहरा ओळखू आला नाही तर फोटो घेऊन आजीजवळ बसा आणि विचारा. एका नावामागून दहा गोष्टी निघतील, आणि पुढच्या पानाचा मजकूरही तिथेच मिळेल.