जुन्या संगणकाला नवा एसएसडी : बूट ड्राइव्ह बदलताना

संगणकात जागा उरली नसल्याची सूचना वारंवार येऊ लागली, की आता नवा संगणकच घ्यावा लागणार असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रोसेसर धडधाकट असतो. अपुरा पडतो तो ज्यावरून संगणक सुरू होतो तो बूट ड्राइव्ह. १२८ किंवा २५६ जीबीचा सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी, असलेले संगणक आजही घराघरांत आणि छोट्या कार्यालयांत वापरात आहेत. त्याऐवजी ५०० जीबी वा १ टीबीचा ड्राइव्ह बसविणे अवघड नाही. मात्र या कामातील एखादी चूक कित्येक वर्षांचे दस्तऐवज क्षणार्धात पुसून टाकू शकते.

जागा का संपते?

२५६ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे २३८ जीबी दिसतो. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात व विंडोज १०२४च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक पडतो. एसएसडी जवळजवळ भरला की त्याचा वेगही मंदावतो. फ्लॅश मेमरीत माहिती लहान ‘पानां’मध्ये लिहिली जाते, पण पुसताना अनेक पानांचा संपूर्ण ‘ब्लॉक’च पुसावा लागतो. मोकळी जागा नसली, तर ही उलाढाल वाढते. त्यामुळे दहा ते वीस टक्के जागा रिकामी ठेवणे हिताचे असते.

खरेदीपूर्वी

सर्व एसएसडी सारखे नसतात. अडीच इंची साटा ड्राइव्हचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत असतो, तर एम.२ प्रकारातील एनव्हीएमई ड्राइव्ह ३,५०० एमबी वा त्याहून अधिक वेग गाठतो. दिसायला एम.२ असलेला ड्राइव्हही साटा पद्धतीचा असू शकतो. त्यामुळे मदरबोर्ड कोणता प्रकार स्वीकारतो, हे आधी पाहावे. ‘२२८०’ या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंदी व ८० मिलिमीटर लांबी असा आहे.

नवी मांडणी की हुबेहूब प्रत?

विंडोज नव्याने टाकल्यास जुना कचरा निघून जातो. मात्र मराठीत काम करणाऱ्यांसाठी येथे एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी दस्तऐवज प्रामुख्याने श्रीलिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींतील फॉन्टमध्ये टंकलिखित होत. वडगाव मावळसारख्या तालुक्याच्या ठिकाणी, जेथे खरेदीखते व अर्जांचे मसुदे वर्षानुवर्षे संगणकावर साठत आले, तेथे अशा फायली आजही आढळू शकतात. मूळ फॉन्ट नसेल, तर त्या फायलींत अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. म्हणून अशा संगणकावर संपूर्ण ड्राइव्हची प्रत, म्हणजेच क्लोनिंग, अधिक सुरक्षित ठरते. नवी मांडणीच करायची असल्यास फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचे परवाने आधी जपून ठेवावेत. काही सॉफ्टवेअरचा परवाना ड्राइव्हच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. तो क्लोनिंगनंतरही पुन्हा नोंदवावा लागू शकतो.

कामाचा क्रम

१. महत्त्वाच्या फायलींची स्वतंत्र प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी. ती उघडून पाहावी.

२. बिटलॉकर सुरू आहे का, ते तपासावे. विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपमध्ये कूटबद्धीकरण आपोआप सुरू झालेले असते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि संरक्षण तात्पुरते स्थगित करावे.

३. नवा ड्राइव्ह यूएसबी आवरणात बसवून जोडावा. उत्पादकाचे सॉफ्टवेअर किंवा मोफत मिळणारे क्लोनझिला वापरता येते. मूळ ड्राइव्ह कोणता व लक्ष्य कोणते, हे क्षमतेचे आकडे पाहून दोनदा पडताळावे. येथे दिशा उलटली, तर रिकामा ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर उमटतो.

४. संगणक बंद करून वीजजोड काढावा. लॅपटॉपची बॅटरीही शक्य असल्यास विलग करावी. उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी आणि मगच ड्राइव्ह बदलावा.

५. पहिल्यांदा सुरू करताना जुना ड्राइव्ह जोडलेला नसावा. दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने गोंधळ होतो. संगणक सुरू न झाल्यास बायॉसमधील बूट क्रम पाहावा.

६. वाढीव जागा ‘सी’ विभागात आपोआप मिळतेच असे नाही. मध्ये रिकव्हरी विभाग आल्यास विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधील विस्ताराचा पर्याय उपलब्ध होत नाही. अशा वेळी तो विभाग शेवटी सरकवू शकणारे सॉफ्टवेअर लागते.

पावसाळ्यातील दक्षता

घाटमाथ्यावरील लोणावळ्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि वादळी पावसात वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता असते. क्लोनिंग अर्ध्यावर तुटले, तर नवी प्रत निरुपयोगी होते. २०० जीबी माहितीला सेकंदाला १०० एमबी वेगाने सुमारे पस्तीस मिनिटे लागतात, तर जुन्या यूएसबी २ जोडणीवर दीड तासाहून अधिक. म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी व टेबलावरील संगणकाला यूपीएस असावा. पावसाळाभर बंद राहिलेल्या बंगल्यातील संगणक कोरड्या खोलीत काही काळ ठेवून मगच उघडावा.

जुन्या ड्राइव्हचे काय?

नवा ड्राइव्ह सुरळीत चालू लागल्यावरही जुना किमान काही आठवडे न पुसता ठेवावा. मात्र एकमेव प्रत म्हणून एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. फ्लॅश मेमरीतील विद्युतभार वीज नसताना हळूहळू ओसरतो. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. ड्राइव्ह विकायचा असल्यास ‘सिक्युअर इरेज’ करावे, कारण फायली नुसत्या डिलीट केल्याने माहिती कायमची जाईलच याची खात्री नसते. निकामी झालेला ड्राइव्ह कचराकुंडीत न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. ई-कचरा व्यवस्थापनाचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले आहेत.